माइक घेणे आहे

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात वस्तू एकदम येत नाही. आधी तिचे नाव येते, मग किंमत येते, मग तिच्यावाचून आजवर कसे भागत होते याची चर्चा येते. आणि या तिन्ही पाहुण्यांचा यथास्थित पाहुणचार झाल्यावर एखाद्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती वस्तू उंबरठा ओलांडते. आमच्याकडे मिक्सर असाच आला, फ्रीजही असाच आला. यंदा आमच्या विठ्ठलवाडीच्या दोन खोल्यांत माइक आला. तोही कसला? तर सदऱ्याच्या कॉलरला चिमट्याने अडकवायचा, बोराएवढा, बिनतारी!

मराठीच्या प्राध्यापकाला माइक कशाला, असे कुणीही विचारील. सौ.ने ते विचारलेच. "वर्गात तासतासभर बोलता, तेवढ्याने भागत नाही का?" प्रश्न रास्त होता. त्यातून मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे जितके तास, तितके पैसे; आणि तेही येतील तेव्हा. अशा माणसाने माइकसारख्या वस्तूचे नाव काढावे, हे घरच्या हिशेबाच्या वहीला मानवणारे नव्हते.

पण माझी अडचण निराळी होती. माझा तास सकाळी सातला. हजेरीपटावर जितकी नावे, त्यांच्या निम्मी माणसेही बाकांवर नसतात. ती उनाडतात असे नव्हे. कुणी दुकानात नोकरीला लागलेला, कुणी रात्रपाळी करून आलेला, कुणी घरोघर पार्सले पोचवणारा. त्यांच्यासाठी मी गेली दोन वर्षे घरीच फळ्यासमोर उभा राहून मोबाइलवर पाठ चित्रित करतो आणि पाठवून देतो. ही मुले ते पाठ गाडीत उभ्या उभ्या, कानात बोंडले घालून ऐकतात. खरे सांगायचे तर माझा मोठा वर्ग आता कर्जत लोकलच्या दारात भरतो.

गेल्या परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरात मला 'महदंबेचे डवले' भेटले. महदंबा ही आपली आद्य कवयित्री, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिचे 'ढवळे' म्हणजे लग्नप्रसंगी म्हणायची गाणी. रुक्मिणी आणि श्रीकृष्ण यांच्या विवाहाची कथा त्यांत आहे. मुलगी कल्याणच्या पूर्वेकडच्या एका गावातली, आगरी घरातली. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो; त्यात वावगे काही नाही. पण तोच शब्द तसाच आणखी तीन पेपरांत निघाला. त्यांतला एक पेपर नेरळच्या मुलाचा, एक उल्हासनगरच्या सिंधी घरातला. चौघांच्या चार बोली आणि चूक मात्र एकच! मी तो पाठ काढून स्वतः गाडीत ऐकला. खरोखरच त्यात 'ढ'मधला श्वास कुठेतरी विरून गेला होता आणि 'ळ' नुसता ओला 'ल' झाला होता. मुलांनी कानांवर पडले ते इमाने लिहिले होते.

कारण उघड होते. सगळा फळा चित्रात यावा म्हणून मोबाइल आठ फूट लांब स्टुलावर ठेवावा लागतो. खिडकीच्या पलीकडे रेल्वेचे रूळ. कल्याणहून सुटलेली गाडी विठ्ठलवाडीत शिरते तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा तिला मुजरा करतात. त्यात शेजारचा कुकर, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. बिचारा 'ढ' इतक्या गर्दीतून आठ फूट चालत जाणार कसा?

मग मी या शास्त्राचा थोडा अभ्यास केला. आवाजाचा कायदा सावकाराहून कडक आहे: अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. उलट हाच माइक आठ फुटांवरून आठ इंचांवर आणला तर माझा आवाज हिशेबाने 144 पट तीव्र होऊन त्याच्याकडे पोचतो. गाडी आणि कुकर मात्र होते तिथेच राहतात. माइक महाग की स्वस्त हा प्रश्न पुढचा. तो जवळ की लांब हा पहिला. हनुवटीखाली एक वीत, ही त्याची जागा. या माइकला 'लाव्हालिए' म्हणतात, आणि ते नाव फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या एका प्रेयसीवरून पडले आहे. तिच्या नावाने गळ्यात घालायचे एक पदक प्रसिद्ध झाले. पुढे छातीवर लोंबणाऱ्या माइकला तेच नाव चिकटले. मराठीत आपण त्याला 'पदकी माइक' म्हणायला हरकत नाही.

हा दागिना आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आला त्याचे श्रेय मात्र राजाला नाही. 1962 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा माइक तयार केला. त्यामुळे माइक लहान झाला आणि स्वस्तही झाला. पुढे मोबाइलपासून श्रवणयंत्रापर्यंत याच घराण्याची प्रजा पसरली.

एवढी विद्या घेऊन मी पुढच्याच स्टेशनावर, म्हणजे उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले हे गाव. 1949 साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. जगातली कुठलीही वस्तू इथे मूळ किमतीच्या एकदशांश भावात भेटते, आणि मूळ वस्तू कुठली असा प्रश्न इथे कुणी विचारत नाही.

दुकानदाराने काचेवर चार डब्या मांडल्या. पहिली काही शेकड्यांतली, बिनतारी. दुसरी हजाराच्या आतली, पण सहा मीटर तारेची. तिसरी दोन हजारांच्या आसपासची, बिनतारी. चौथी दहा हजारांच्या पुढची. तिला मी लांबूनच नमस्कार केला. तारेचा माइक आवाजाला उत्तम होता, आणि बसून बोलणाऱ्या माणसाला मी आजही तोच घ्यायला सांगेन. पण मी फळ्यापुढे येरझारा घालणारा माणूस. तारेत पाय अडकून साहित्याच्या इतिहासाबरोबर मीही आडवा व्हायचो.

"सर, फुंकून बघा. सगळे फुंकूनच बघतात," दुकानदार म्हणाला.

मी फुंकलो नाही. मी घरूनच एक वाक्य तयार करून नेले होते: 'ढोलाच्या घोळात धुळीने भरलेला गणू वळणावर थबकला.' दुकानातले गिऱ्हाईक वळून पाहू लागले. पण मराठीची सगळी अवघड अपत्ये या एका वाक्यात हजर होती. प्रत्येक माइकवर ते म्हणायचे, मुद्रित करायचे आणि बोंडले घालून ऐकायचे, हा माझा क्रम. काही शेकड्यांच्या डबीत गणूचा 'गनू' झाला. त्या डबीवर एक बटण होते. ते दाबले की भोवतालचा गोंगाट नाहीसा होतो अशी तिची बढाई. बटण दाबले. रस्त्यावरची रिक्षा खरोखर गप्प झाली, पण तिच्याबरोबर माझ्या प्रत्येक शब्दाचे शेपूटही गेले. या यंत्राला श्वास आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही, आणि आमच्या 'ढ', 'घ', 'भ'चा प्राण तर श्वासातच. तिसऱ्या डबीतही ते बटण होते, पण ते पुरते बंद करता येत होते, आणि बंद केल्यावर गणू धुळीसकट, ढोलासकट जागेवर होता.

दुसरी परीक्षा मी पाठ फिरवून घेतली. डबीवर पन्नास मीटर लिहिलेले असते ते मोकळ्या मैदानाचे. हे माइक 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. शेजारपाजारचे वायफायही त्याच गल्लीत राहते, आणि माणसाचे पाणीदार शरीर त्या लहरी शोषून घेते. फळ्यावर लिहिताना माझी पाठ मोबाइलकडे असते, म्हणजे माइक आणि मोबाइल यांच्यामध्ये मीच धोंड! तिसऱ्या डबीने पाठ फिरवल्यावरही शब्द तोडला नाही. तिसरी परीक्षा साधी होती: टोचायचा तुकडा माझ्या मोबाइलच्या भोकात कव्हर न काढता बसतो का? तो बसला. थोडी घासाघीस झाली, वाऱ्यासाठी केसाळ टोपी फुकट मिळाली, आणि मी गाडी पकडली.

डबीत माइक दोन निघाले. एक माझा, दुसऱ्याचे काय करायचे? ते 'डवले'वाल्या मुलीने ठरवले. पेपर परत देताना मी तिला शब्द समजावून सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्यात लग्नाला धवले म्हणतात. माझी आजी धवलारीण आहे." ठाणे-रायगडच्या आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण मला पुस्तकातून ठाऊक होती, माझ्याच हजेरीपटावर तिची नात आहे हे ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी मी दोन्ही माइक घेऊन त्या गावी गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या. एक माइक त्यांच्या पदराला लावला, दुसरा साथ धरणाऱ्या जावेच्या. पहिल्या प्रयत्नात बांगड्याच अधिक वाजल्या, म्हणून माइक जरा आत सरकवला. गोंगाटाचे बटण मी आधीच बंद ठेवले होते, कारण लांबवलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर अशी त्याची समजूत असते. अर्धा तास दोघी गायल्या. मध्ये कोंबडा आरवला, अंगणात मोटारसायकल थांबली. तेही सारे त्यात आहे. आजींना आताशा लग्नाची बोलावणी फारशी येत नाहीत. त्यांची गाणी नातीला पुरी येत नाहीत आणि वहीत कुणी लिहिलेली नाहीत.

त्यातली दहा मिनिटे मी महदंबेच्या पाठाला जोडली आहेत. तो पाठ मी नव्याने केला. फळ्यावर एका बाजूला 'ढवळे' लिहिले, दुसऱ्या बाजूला 'धवले', आणि दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश म्हटले. माइकचे पैसे सौ.च्या वहीत अजून 'येणे' या सदराखाली आहेत; कुणाकडून येणे, ते तिने लिहिलेले नाही. पाठ मात्र कर्जतच्या गाडीला लागला आहे.