मेल्क ते क्रेम्स : डॅन्यूबच्या काठाने

आमची थोरली कन्या नोकरीनिमित्त व्हिएन्नास राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने आम्हां उभयतांस तिकडे बोलावून घेतले. राजवाडे, संग्रहालये, संगीताचे कार्यक्रम असा भरगच्च बेत तिने आखून ठेवला होता आणि आठवड्याभरात तो यथासांग पारही पडला. मग एके रात्री जेवताना तिने हळूच विषय काढला, "बाबा, तुम्ही आणि आई दोघेच एक दिवस नदीकाठाने सायकलवर जाल का? मी बरोबर येणार नाही. वाटाड्याही नको. नकाशा देते."

मी हसलो. माझा उजवा गुडघा गेली चार वर्षे कुरकुरतो आहे. सौभाग्यवतींनी तर लग्नानंतर सायकलला हात लावलेला नव्हता. माहेरी, ग्वाल्हेरला, कॉलेजात त्या सायकलवर जात असत असे ऐकून होतो. पण ती गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. तथापि मी नकाराचे शब्द जुळवीत असतानाच त्या म्हणाल्या, "मी जाईन." पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

कन्येने सुचविलेला मार्ग वाखाऊ नावाच्या खोऱ्यातला. डॅन्यूब (तिकडच्या भाषेत 'डोनाऊ', आणि तिकडेही ही नदी स्त्रीलिंगीच) जर्मनीतील काळ्या अरण्यात उगम पावते आणि सुमारे २८५० किलोमीटरांचा प्रवास करून काळ्या समुद्रास मिळते. म्हणजे आपल्या नर्मदेच्या दुपटीहून अधिक. या प्रवासात व्हिएन्नाच्या वरच्या अंगाला मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांमध्ये ती डोंगर कापीत जाते. तेवढा सुमारे ३५ किलोमीटरांचा पट्टा म्हणजे वाखाऊ. २००० साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घातला. दोन्ही काठांनी सायकलींसाठी वेगळी वाट आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोवेलो ६' या लांबलचक सायकलमार्गाचाच तो एक तुकडा.

व्हिएन्नाहून मेल्कला आगगाडीने तासाभरात पोहोचलो. स्टेशनाबाहेर पडताच टेकडीवरचा पिवळाधमक मठ डोळ्यांत भरतो. बेनेडिक्टाइन साधू येथे १०८९ पासून आहेत; आजची भव्य वास्तू मात्र अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, याकोप प्रांटाउअर या स्थपतीने उभारलेली. ग्रंथालय पाहण्याची मला फार ओढ होती. पण ते पाहत बसलो असतो तर सायकली तशाच राहिल्या असत्या, म्हणून मठाला दुरूनच नमस्कार केला.

भाड्याच्या दुकानात दोन विजेच्या सायकली आमची वाट पाहत होत्या. या यंत्राविषयी माझ्या मनात थोडी अढी होती, हे कबूल करतो. मोटार लावलेली सायकल म्हणजे लबाडी, असे माझे मत. दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितले तेव्हा कळले की ही स्कूटर नव्हे. पायडल मारले तरच मोटार चालते. पाय थांबला की तीही थांबते. मोटार २५० वॉटची, आणि ताशी २५ किलोमीटरांच्या पुढे ती मदत देत नाही, असा युरोपातला नियमच आहे. हँडलवर एक लहानसा पडदा असतो. त्यावर मदत कमी-अधिक करण्याची बटणे. बॅटरी ५०० वॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या हिशेबाने अर्धा युनिट. अर्ध्या युनिटात दोन गावे! सायकल जड मात्र चांगलीच होती. पाव क्विंटल तरी भरली असती.

सौभाग्यवतींनी दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत हँडल लटपटले. दुसऱ्या फेरीत त्यांनी घंटी वाजविली. मग माझी वाट न पाहताच त्या नदीच्या दिशेने निघाल्या. मी मागून ओरडत राहिलो, "अगं, उजवीकडून! येथे उजवीकडून चालवायचे!"

आम्ही दक्षिण काठ धरला. मेल्क सुटल्यावर थोड्याच वेळात शोनब्यूल नावाचा छोटेखानी किल्ला लागतो. पाण्यातून वर आलेल्या खडकावरच तो बसविला आहे. तेथून पुढे वाट नदीला चिकटून जाते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला जर्दाळूच्या बागा. हे खोरे जर्दाळूसाठी प्रसिद्ध. परंतु मेच्या अखेरीस फळे आवळ्याएवढी आणि हिरवीच होती, तेव्हा मुरंब्यावर समाधान मानावे लागले. पुढे ॲगश्टाइनचा पडका गड नदीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर दिसला. वर जाणारा रस्ताही दिसला. मोटारीच्या जोरावर चढून जावे असा मोह झाला. पण सहचारिणी नजरेच्या टप्प्यापलीकडे गेल्या होत्या.

येथे एक कबुली द्यावयास हवी. मेल्कपासून मी माझी मोटार बंद ठेवली होती. मुख्याध्यापकाचा अहंकार, दुसरे काय! वाट सपाट होती, प्रवाहाच्या दिशेने उतरती होती, आणि आपण आपल्या बळावर जात आहोत या समाधानात मी दमत होतो. सौभाग्यवती निर्मळ मनाने बटण दाबून पुढे जात, एखाद्या बाकावर बसून मी येईपर्यंत थर्मासमधला चहा घेत आणि मला पाहताच पुन्हा निघत.

पाण्याविषयी सांगावयाचे तर ते निळे मुळीच नाही. योहान श्ट्राउसने १८६७ साली निळ्या डॅन्यूबचे संगीत जगाला ऐकविले, तेव्हापासून हा गैरसमज रूढ झाला आहे. मी पाहिले ते पाणी करड्या-हिरव्या रंगाचे होते, आणि ते *धावत* होते. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. काठावरून जाताना आपली सायकल आणि ते पाणी यांची जणू शर्यत लागते. मध्येच खडकाळ बेट येई, त्याभोवती पाण्याला वळ पडत, भोवरे उमटत. वाळवंटावर पोरे दगड भिरकावीत होती. काठाशी ठिकठिकाणी किलोमीटरांचे आकडे रंगविलेले आहेत. ते प्रथम उलटे वाटले, कारण पुढे जावे तसे ते कमी होतात. मग उमगले की ही नदी मुखापासून मोजतात. आकडा सांगतो तो समुद्र किती दूर आहे ते.

पैलतीरावर विलेनडॉर्फ गाव दिसले. तेथे १९०८ साली चुनखडी दगडाची, जेमतेम ११ सेंटीमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. वय पंचवीस-तीस हजार वर्षे. दोनच दिवसांपूर्वी ती आम्ही व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहिली होती. चेहरा नाही, पाऊल नाही, नुसते स्थूल मातृरूप. "ही यांची सप्तमातृकांपैकीच कुणीतरी असणार," असे सौभाग्यवतींचे मत पडले. तज्ज्ञांना ते मान्य होईल असे नाही, पण मला आवडले.

आर्न्सडॉर्फला आम्ही नदी ओलांडली, आणि त्या ओलांडण्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. येथे पूल नाही, तर आहे. दोन-चार मोटारगाड्या, दहा-वीस माणसे आणि सायकली मावतील एवढा सपाट तराफाच म्हणा ना. त्याला इंजिन नाही. नदीवर उंच पोलादी दोर आडवा ताणलेला आहे. त्यावर कप्पी, आणि कप्पीपासून तरीपर्यंत दुसरा दोर. नावाडी तर प्रवाहाला किंचित तिरपी करतो. पाणी तिला खाली ढकलू पाहते. दोर तिला जाऊ देत नाही. तेव्हा ती बाजूला सरकते, आणि सरकत सरकत पैलतीराला लागते. परत येताना तिरपेपणा उलट बाजूचा. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या कोणालाही यातले मर्म सांगावे लागणार नाही. वाऱ्याच्या जागी पाणी, एवढाच फरक.

तरीवर आवाज नव्हता. फक्त कप्पीची किरकिर आणि लाकडावर आपटणारे पाणी. सौभाग्यवती कठड्याला रेलून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राजघाटाची आठवण झाली."

मलाही झाली होती. मी बोललो नव्हतो इतकेच. नोकरीच्या आरंभीची काही वर्षे आम्ही बडवानीत काढली. नवे लग्न, दोन खोल्यांचे बिऱ्हाड, एक सायकल. रविवारी मी पुढे आणि त्या मागे कॅरियरवर, असे पाच किलोमीटरांवरच्या राजघाटाला जात असू. नर्मदा तेव्हा तेथे वाहत होती. पाण्याचा वास यायचा आधी, मग आवाज, मग नदी. परिक्रमावासी पायऱ्यांवर टेकलेले असत. पलीकडे चिखलद्याकडे जाणाऱ्या नावा निघत, आणि नावाडी प्रवाहाला नेमका किती कोन द्यावयाचा ते वल्ह्यानेच जाणत. पुढे बदल्या झाल्या. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले, त्याच वर्षी राजघाटावरचे गांधीजींच्या अस्थींचे स्मारक हलविले गेले, आणि २०१९ साली धरण प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत, १३८.६८ मीटरांपर्यंत, भरले. त्या दिवाळीत मी एकटाच बडवानीला गेलो होतो. घाट नव्हता, जुना पूल नव्हता. पाणी होते, पुष्कळ होते. पण ते उभे होते. घरी आल्यावर मी यांना सविस्तर असे काही सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

वाखाऊचे पाणी धावते ते आपोआप नव्हे. ऑस्ट्रियाने आपल्या हद्दीतील डॅन्यूब जवळजवळ सगळी बांधून काढली आहे. मेल्कच्या वरच्या अंगाला १९८२ साली वीजकेंद्र झाले. क्रेम्सच्या खाली आल्टेनवोर्थचे त्याआधीच, १९७६ साली. मधल्या या खोऱ्यातही धरण योजिले होते. खोऱ्यातील लोकांनी १९७२ पासून संघटितपणे विरोध केला आणि ते झाले नाही. त्या देशात डॅन्यूब आता दोनच ठिकाणी मोकळी वाहते : एक येथे, दुसरी व्हिएन्नाच्या पूर्वेस. तेथील हाइनबुर्गची योजना १९८४ च्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे रानात ठाण मांडून बसली म्हणून थांबली.

हे वाचून कोणी तडकाफडकी निष्कर्ष काढू नये. त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासूनच होते. तेव्हा आमच्या सायकलींच्या बॅटरीत जे अर्धे युनिट होते, तेही बहुधा वरच्या कोणत्या तरी धरणात अडविलेल्या याच नदीचे. आणि आम्ही इंदूरकर तरी काय बोलणार? जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेली नर्मदा १९७८ पासून आमच्या नळाला येते. तिच्याच पाण्याचा चहा पिऊन मी तिच्याविषयी हळहळतो. तरीवर उभा असताना हा विचार मनात आला आणि अवघडल्यासारखे झाले. ते अवघडलेपण अजून गेलेले नाही.

श्पिट्स गाव द्राक्षांच्या टेकडीभोवती वसले आहे. या टेकडीला 'हजार बादल्यांचा डोंगर' म्हणतात, कारण चांगल्या वर्षी ती तेवढी वारुणी देते. तेथून वायसनकिर्शेनपर्यंत उतारावर चढत गेलेले बांध पाहावेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पावसाचे पाणी फटींतून निथळते म्हणून भिंत टिकते, आणि दगड दिवसाचे ऊन रात्री वेलींना परत देतो. बांध ढासळला की हातानेच पुन्हा रचावा लागतो. यंत्र तेथे चढत नाही. गावांतील घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा व साले कोरलेली दिसतात. २००२ आणि २०१३ च्या रेघा तर डोक्याच्या वर. मोकळी नदी हवी तर तिचे असे येणेही घरात घ्यावे लागते. तिकडच्या लोकांनी अॅल्युमिनियमच्या, पूर येताच उभ्या करावयाच्या भिंती केल्या आहेत, तरीही.

वायसनकिर्शेनच्या पुढे माझ्या गुडघ्याने असहकार पुकारला. मी उतरून सायकल ढकलू लागलो. सौभाग्यवती मागे फिरून आल्या, माझ्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हे तर बंदच आहे!"

मी काहीतरी पुटपुटलो.

"सकाळपासून?"

"व्यायाम होतो," मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबले, दोनदा दाबले. "बसा आता." मी बसलो. पायडलावर जेमतेम पाय टेकला तोच पाठीमागून कोणी हात लावावा तशी सायकल पुढे निघाली. लहानपणी वडील सीट धरून मागून धावत, तसे. लबाडीचे माझे मत तेथेच मागे पडले. पाय माझेच होते. फक्त कोणी तरी सोबत होते.

ड्यूर्नश्टाइन दिसते ते त्याच्या निळ्या-पांढऱ्या मनोऱ्यावरून. वरच्या पडक्या गडात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैद होता. आमच्या इतिहासाच्या वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, आग्र्याहूनसारखा निसटला का?" नाही, जबर खंडणी मोजून सुटला. गावात फार वेळ थांबलो नाही. पर्यटकांची दाटी, आणि कॉफी अवाच्या सवा महाग.

क्रेम्सला सायकली परत केल्या. माझ्या पडद्यावर बॅटरी ८० टक्के होती, यांच्या ४५. गाडीला पाऊण तास होता, म्हणून पुन्हा नदीवर गेलो. किलोमीटरांचा आकडा दोन हजारांच्या किंचित वर होता. सौभाग्यवती पायऱ्या उतरून खाली गेल्या, ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि सवयीने म्हणाल्या, "नर्मदे हर." शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी वळून पाहिले आणि मंद हसल्या.

रात्री स्टेशनवर कन्या घ्यायला आली होती. "आई, पाय दुखतात का?" तिने विचारले. आईने तो प्रश्न बाजूला सारून अशी सायकल इंदूरला मिळते का, किती पडते, चार्ज कशी करायची, याची चौकशी मांडली.

"मिळते. पण चालवणार कुठे?" मी म्हणालो. "कान्ह नदीच्या काठाने? कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी नाकाला रुमाल लावावा लागतो."

"रुमाल लावू," त्या म्हणाल्या.