फॅन्सिफुल

माझ्या इंग्रजी निबंधाखाली सरांनी तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला होता : 'फॅन्सिफुल'. बाजारातील फॅन्सी साड्या नि फॅन्सी बांगड्या एवढीच त्या कुळाशी माझी ओळख. निबंध चांगलाच नटून उतरला, असे समजून मी घरी आजीला तसे सांगूनही टाकले.

निबंध आजीवरच होता. आमच्या लोधीखेड्यावरून नागपूर-छिंदवाडा ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील छोटी गाडी जात असे. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली. त्याच वाटेने पुढे मोठी लाईन आली. तरी दिवेलागणीला आजी म्हणतेच, "छोट्या गाडीचा टाइम झाला, दिवा लाव रे पोरा." यावर मी लिहिले होते की, ते इंजिन रोज सांजेला लपतछपत येते व आमच्या बागेतील संत्री मागून जाते.

शब्दकोश उघडला आणि चेहरा उतरला. 'इमॅजिनरी' म्हणजे काल्पनिक, मुळात नसलेले. 'इमॅजिनेटिव्ह' म्हणजे कल्पक. ही तर शाबासकीच. 'फॅन्सिफुल' मात्र लहरीतून उपजलेले, वास्तवाचा आधार सुटलेले. नक्षीला ते विशेषण शोभते; विचाराला लावले की बोलणाऱ्याची भुवई किंचित वर गेलेली असते. 'कल्पनारम्य' म्हणावे तर ती शंका हरवते, 'मनचे मांडे' म्हणावे तर गोडवा जातो. नेमका मराठी शब्द मला अद्याप सापडलेला नाही.

मला राग आला. आजीचे ऐकणे ही का लहर? तिने त्या शिट्टीवर आयुष्यभर दिवे लावले! तावातावाने वही पुन्हा उघडली, तो काय! तांबडी रेघ आजीच्या वाक्याखाली नव्हतीच; ती संत्री मागणाऱ्या इंजिनाखाली होती.

कोलरिज या इंग्रज कवीने 1817 च्या ग्रंथात 'फॅन्सी' आणि 'इमॅजिनेशन' निराळ्या मानल्या. पहिली स्मृतीतील तयार वस्तू नुसत्या जोडते, दुसरी त्या वितळवून नवे घडवते. मी तरी काय केले होते? इंजिन तयार, संत्री तयार. दोरीने बांधली, झाले.

संध्याकाळी आजी म्हणाली, "माह्याबद्दल काय लिहिलं, वाचून दाखव ना." मी तिचे वाक्य मराठीत वाचले, इंजिनाचे गाळले.

"मंग? बरोबरच तं हाय. लाव आता दिवा."