चालत जाता येईल असं घर

आमच्या नात्यागोत्यात गेल्या काही वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या बहुतेक जोडप्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिलेला मी पाहते. पहिलं मूल झालं की तो तातडीचा होतो. राहायचं कुठे? जुन्या नाशकातल्या वडिलोपार्जित दोन खोल्यांत, की पाथर्डी फाटा किंवा अशोका मार्गाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये? घरात चर्चा होते ती हप्त्यांची आणि चौरस फुटांची. मूल कोणाच्या अंगाखांद्यावर वाढणार आणि त्याच्या आईला दिवसभरात कोण भेटणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

मोगल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत. दूध बाजार, भद्रकाली, चौक मंडई, कथडा, कोकणीपुरा या वस्त्या गाड्या येण्याच्या कितीतरी आधी पायी चालणाऱ्यांसाठी वसल्या. बाळाला कडेवर घेऊन निघालं की मशीद, मदरसा, किराणा, दवाखाना, खालाचं घर सगळं दहा-पंधरा मिनिटांत. वाटेत तिघी-चौघी भेटतात. कोणी बाळाला घेतं, कोणी दात येण्याच्या तापावर उपाय सांगतं. याला कोणी ‘सोशल लाइफ’ म्हणत नाही, पण तरुण आईचा जीव त्यावरच तगून असतो.

तरीही मुलं बाहेर का जातात? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती दर पावसाळ्यात धडकी भरवतात. काझीगढीवरच्या कुटुंबांना तर दरडीच्या भीतीने घरं सोडण्याच्या नोटिसा येतात. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. एका खोलीत सासू-सासरे, दुसऱ्या खोलीत दीर-जाऊ, मग नव्या जोडप्याने दोन शब्द बोलायचे कुठे? त्यातच 1982 साली महानगरपालिका झाल्यापासून शहर सातपूर, अंबड, सिडको, पाथर्डी असं चहूकडे पसरलं. रोजगारही तिकडेच गेला.

आणि निवड तरी कुठे मोकळी असते? माझा भाचा घर शोधत होता तेव्हा एका सोसायटीत सगळं ठरत आलं होतं. नाव ऐकल्यावर दलालाचा फोन आला, “मालकांचा विचार बदलला.” असं दोनदा झालं. शेवटी पाथर्डी फाट्याच्या पलीकडे जिथे मिळालं तिथे घेतलं. ‘तुम्ही लोक एकाच मोहल्ल्यात का राहता?’ असं विचारणाऱ्यांनी हेही ऐकावं.

फ्लॅट छान आहे. हवा आहे, पाणी आहे, लिफ्ट आहे. सहा महिन्यांनी भाचसून मला म्हणाली, “फुफी, मी दिवसभरात कोणाशी बोलते सांगू? दूधवाला आणि वॉचमन.” भाचा अंबडच्या कारखान्यातून सुटला की आठवड्यातून दोन-तीनदा चौक मंडईत दोस्तांकडे थांबून घरी यायचा. त्याची दोस्ती शाबूत राहिली, कारण दुचाकी त्याच्याकडे होती. तिचं माहेर सात-आठ किलोमीटरवर, पण संध्याकाळी द्वारका चौकातली कोंडी ओलांडायची म्हणजे पाऊण तास. जुलै 2021 पासून सिटीलिंकच्या बसगाड्या धावतात हे खरं, पण वर्षाच्या मुलाला आणि पिशवीला घेऊन थांब्यापर्यंत चालायला फुटपाथ नाही. अंतर दोघांनाही सारखंच होतं, पण ते तिच्या एकटीच्या वाट्याला आलं.

अशा वेळी मला बनू सलमा या कबिल्याची गोष्ट आठवते. त्यांची घरं मदिनेत मस्जिदे नबवीपासून दूर होती. मशिदीजवळ जागा मोकळी झाली तेव्हा त्यांनी तिकडे यायचं ठरवलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आहात तिथेच राहा असं सुचवलं, तुमचं एकेक पाऊल लिहिलं जातं म्हणून दिलासा दिला. बुखारीतल्या कथनात असंही आहे की मदिनेच्या कडा ओस पडाव्यात हे प्रेषितांना आवडलं नाही. म्हणजे शहराच्या कडेला राहणं ही काही शिक्षा नव्हे. तिथेही वस्ती उभी करायची असते. सूरह निसाच्या 36व्या आयतीत तर नात्याच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. आपण पहिला शेजारी मोहल्ल्यात सोडून आलो, तरी दुसरा समोरच्या दारात असतोच.

भाचसुनेने रमजानमध्ये समोरच्या घरी इफ्तारीची प्लेट नेली. दार उघडणाऱ्या बाईंच्या कडेवरही तेवढंच मूल होतं. नाशिकमध्ये नव्याने बदली होऊन आलेलं कुटुंब, त्याही एकट्याच. आता पाच वाजता दोघी मुलांना घेऊन खाली उतरतात. घरातही एक गोष्ट बदलली. रविवारी दुपारी बाळ बापाकडे असतं आणि ती स्कूटीवर माहेरी, मैत्रिणींकडे जाते. सुरुवातीला माझी वहिनी कुरकुरली, “मर्द माणूस मूल सांभाळतो का?” मी म्हटलं, “वहिनी, प्रेषित (स.) घरात काय करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी काय सांगितलं? घरच्यांच्या कामाला हातभार लावत.” वहिनी गप्प बसल्या. अजून पूर्ण पटलेलं नाही, पण रविवारी नातवाला खेळवायला त्या स्वतःच तिकडे जातात.

घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांना माझं एकच सांगणं आहे. बिल्डरच्या गाडीतून दुपारी घर बघू नका. मगरिबच्या सुमारास दोघांनी मिळून, मूल असेल तर त्याला घेऊन, त्या रस्त्यावर अर्धा तास पायी फिरा. भाजी कुठे मिळते, दवाखाना किती लांब, दिवे आहेत का, बायका-मुलं बाहेर दिसतात का, ते पाहा. बसथांब्यापर्यंत स्वतः चालून या. मग हप्त्यांचा हिशेब करा. दोन खोल्या कमी असलेलं पण पायी जगता येईल असं घर पुष्कळदा स्वस्त पडतं. आणि लांबच घ्यावं लागलं, तर गाडी एकच असताना ती कोणत्या दिवशी कोणाकडे राहील, हे निकाहाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दोघांनी बसून ठरवावं. मूल झाल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही.