ठेच कुणाला, शहाणपण कुणाला

रामायण-महाभारतात शिकारीच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण आपल्या लक्षात राहतात त्या फसलेल्या. दशरथाचे नेमके लागलेले बाण कुणाला आठवत नाहीत, एक नको तिथे लागलेला सगळ्यांना आठवतो. पंडूचं तसंच, परीक्षिताचं तसंच. आणि जरा नावाच्या पारध्याचं तर नावही त्या एका बाणामुळेच उरलं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही बंद पडलं की ते चालू करायचं आणि मग का बंद पडलं याची चिरफाड करायची, हे आमचं काम. त्या सवयीने या चार गोष्टी एकापाठोपाठ एक वाचल्या, तर पहिली गोष्ट ही दिसते की चौघांची चूक वेगवेगळी आहे.

दशरथ तेव्हा युवराज होता आणि नुसत्या आवाजावर नेम धरता येतो याचा त्याला अभिमान होता. पावसाळा, रात्रीची वेळ, शरयूचा काठ. पाण्यातून गुडगुड आवाज आला. आजीच्या गोष्टीत त्याला हरीण वाटतं, वाल्मीकी रामायणात हत्ती. प्रत्यक्षात एक मुलगा आंधळ्या आईवडिलांसाठी घागर भरत होता. इथे नेम चुकलेलाच नाही. बाण जिथे जायला हवा होता तिथेच गेला. चुकलं ते त्याआधी, ‘असा आवाज म्हणजे जनावरच’ हे धरून चालण्यात.

पंडूला हरणं स्पष्ट दिसत होती. नर-मादीची जोडी होती, एकमेकांत गुंतलेली. त्याने बाण मारले, आणि तो नर म्हणजे हरणाच्या रूपातला किंदम ऋषी निघाला. ऋषी जाब विचारतो, तर पंडू आधी राजांना शिकारीचा हक्क कसा आहे ते सांगत बसतो. ऋषीचं म्हणणं इतकंच आहे: मारलंस याला माझी हरकत नाही, पण तू थोडं थांबायला हवं होतंस. ही चूक वेळेची.

जरा पारध्याला झाडीत पहुडलेला कृष्ण हरणासारखा दिसला, बाण तळपायात घुसला. ही चूक दिसण्यावर विसंबण्याची.

परीक्षिताची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. त्याच्या बाणाने हरीण जखमी झालं, पण पडलं नाही, पळालं. त्याने मारलेलं हरीण असं निसटल्याचं याआधी कधी घडलं नव्हतं. तो मागे धावत सुटला. तहानलेला, भुकेलेला, वैतागलेला राजा शमीक ऋषींपाशी पोचला आणि हरीण कुठे गेलं म्हणून विचारू लागला. ऋषींचं मौन होतं. उत्तर मिळेना म्हणून त्याने मेलेला साप त्यांच्या गळ्यात टाकला. पुढे शाप, तक्षक आणि मृत्यू. एका चुकलेल्या बाणाने एवढं झालं नसतं. ‘माझं कधी चुकत नाही’ या रागात उचललेल्या पुढच्या पावलाने झालं.

शिकारी लोकांना हे चांगलं माहीत असतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार गुन्हा आहे. अमेरिकेसारख्या देशांत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून ती चालते. तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांचा एक नियम परीक्षिताला उपयोगी पडला असता: नेम बिघडला तर लगेच मागे धावू नका. गोळी किंवा बाण छातीत, हृदय-फुप्फुसाला लागला, तर हरीण फार लांब जात नाही. पोटात लागला तर ते थोडं पळून झुडपात बसतं आणि काही तासांनी मरतं. तुम्ही मागे लागलात तर जीव खाऊन आणखी लांब जातं आणि मग सापडतच नाही. म्हणून थांबायचं आणि मग रक्ताचा माग काढायचा. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस. गडद असेल तर यकृत. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट, म्हणजे आणखी थांबा. या खुणा कुणी तरी फसलेल्या नेमांमधूनच शिकलं आहे.

इथे मी अडखळतो. माग काढायला शिकणारा शिकारी पुढच्या वेळी शहाणा होऊन येतो, पण हरणाला पुढची वेळ नसते. ‘चुकांमधून शिका’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की या शिकवणीची फी कोण भरतं, हा प्रश्न सुचतच नाही. आपली जुनी म्हण त्यापेक्षा प्रामाणिक आहे: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ज्याचा अंगठा फुटला तो वेगळा आणि ज्याला अक्कल आली तो वेगळा, हे ती लपवत नाही.

नेमबाजीच्या खेळाबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणाने. आमच्या हिंजवडीपासून बालेवाडीचं क्रीडासंकुल फार लांब नाही, पण वाकडच्या ट्रॅफिकमध्ये ते अंतर रोज वेगळं असतं. तिथल्या रेंजवर देशातले उत्तम नेमबाज घडतात. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. प्रत्येक गोळी कुठे लागली ते दशांशापर्यंत मोजलं जातं आणि लगेच स्क्रीनवर दिसतं. गोळी बाहेर गेली की नेमबाज श्वास तपासतो, ट्रिगरवरचं बोट तपासतो, गोळी सुटल्यावरही आपण क्षणभर स्थिर राहिलो का ते तपासतो. हजारो वेळा चुकतो आणि शिकतो, पण रक्त कुणाचंच सांडत नाही.

१ ऑगस्ट २०२४ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारायच्या टप्प्यानंतर तो सहावा होता. झोपून मारायच्या टप्प्यानंतर पाचवा. उभं राहून मारताना तिसऱ्या क्रमांकावर आला, ४५१.४ गुणांवर. मागे पडल्यावर घाई न करणं म्हणजे काय, ते त्या अर्ध्या-पाऊण तासात बघायला मिळालं. कुसाळेचं गाव कांबळवाडी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं. याच तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच मातीत नेमाची हौस राहिली, फक्त निशाणा बदलला.

आमच्या क्षेत्राला वाटतं की आपणही असंच कागदी निशाण्यावर शिकतो. नवा कोड आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग थोड्या लोकांना, मग सगळ्यांना. तरीही बिघाड होतोच. मग मीटिंग होते. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही असा नियम असतो, आणि तो मला मनापासून पटतो. भीती असली की माणसं पंडूसारखी आधी हक्क आणि नियम काढतात, खरं काय झालं ते नंतर. पण त्या डॉक्युमेंटमध्ये ‘काय शिकलो’ हा रकाना सगळ्यात मोठा असतो आणि ‘किती युजर्सवर परिणाम’ हा सगळ्यात छोटा. त्यात एक आकडा.

असाच एक आकडा भरला जात असताना सपोर्टमधल्या एका सहकारी मुलीने विचारलं, “यातल्या एकाचे दोन दिवसांचे पैसे अडकलेत. तो डिलिव्हरी करतो, खोलीचं भाडं द्यायचंय म्हणतो. त्याला फोन कुणी केला का?” खोली शांत झाली. कुणी केला नव्हता. सगळे शिकण्यात गुंतले होते.

मला तेव्हा दशरथच आठवला. त्याची चूक चौघांमधली सगळ्यात भयंकर, तरी तो आवाजाच्या दिशेने जातो. त्या मुलाच्या सांगण्यावरून बाण उपसतो. मग घागर भरून घेतो, आंधळ्या आईवडिलांकडे जातो आणि मी कोण, मी काय केलं, हे स्वतः सांगतो. शाप झेलतो. शब्दवेधाबद्दल तो काय शिकला हे त्या रात्री कुणी विचारत नाही. आधी तहानलेल्यांना पाणी. उलट परीक्षिताला पश्चात्ताप होतो, पण शाप कळल्यावर तो एकखांबी महाल उभारतो, वैद्य आणि मांत्रिक नेमतो, आणि ही सगळी तयारी स्वतःच्या भोवती करतो. ते जखमी हरीण पुढे कुठे जाऊन पडलं, हे महाभारत सांगत नाही. राजाच्या गोष्टीतून ते केव्हाच निसटलेलं असतं.

त्या मीटिंगनंतर आमच्या डॉक्युमेंटमध्ये सगळ्यात वर एक नवी ओळ आली: ‘ज्यांना लागलं त्यांच्याशी कोण बोललं आणि कधी?’ ती भरल्याशिवाय खालचे रकाने उघडत नाहीत. शिकायचं आहेच, पण त्या ओळीनंतर.