केळशीच्या पडवीत बारा तारा

मैत्रिणींनो, दापोलीहून केळशीला गेलात, तर महालक्ष्मीचं दर्शन घ्यालच. मला सांगायचंय ते मात्र आमच्या सासरच्या पडवीतलं.

यंदा चैत्रातल्या उत्सवाला गेलो, तेव्हा माळ्यावर भावजींच्या कॅसेटी सापडल्या. भावजी जाऊन आठ वर्षं झाली. दमट हवेने फिती बुरसटलेल्या. “त्याचा तो धांगडधिंगा, टाकून दे,” सासूबाई म्हणाल्या. मुलाने त्यातलीच ‘बर्ड्‌स’ या अमेरिकन मंडळींची १९६५ सालची गाणी मोबाईलवर लावली.

या विजेच्या गिटारला तारा बारा, त्या सहा जोड्यांनी. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार जाड, दुसरी बारीक, वरच्या सप्तकातली. उरलेल्या दोन जोड्या एकाच सुराच्या. म्हणून ती अशी किणकिणते! बीटल्सच्या १९६४च्या सिनेमात जॉर्ज हॅरिसनच्या हाती ती पाहून बर्ड्‌सच्या मॅग्विननेही घेतली.

सुपारी सोलता सोलता सासूबाईंचा हात थांबला. “अगो, तंबोऱ्यासारखं घुमतंय की! हेच ऐकायचा होय तो?”

मग बराच वेळ नुसती समुद्राची गाज. कॅसेटी आता फडताळात आहेत, पापडाच्या डब्यामागे. वाजत नाहीत, पण टाकायचं कुणी बोलत नाही.