जोडीचा हिशेब

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. १९६२ पासून १९८० पर्यंत तेथे एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार तयार होत असे. त्या परिसरातील दोन भावांना वडिलांच्या पश्चात अशीच एक १९६७ सालची गाडी मिळाली. बाकी सर्व मालमत्तेची वाटणी झाली; गाडी तेवढी सामाईक राहिली. ती थोरल्याने सांभाळावी आणि खर्च निम्मा-निम्मा करावा, असे ठरले.

काही वर्षांनी गाडी उभी असताना तिचे इंजिन अडखळू लागले. कार्बोरेटरच्या तळाशी जेट वरखाली करणारी षट्कोनी चाकी असते. थोरला ती किंचित फिरवून पेट्रोल वाढवी, आणि चाल तात्पुरती सुधारे. काही महिन्यांनी पुन्हा तेच. धाकट्यापर्यंत पोहोचत ती फक्त पेट्रोलची वाढती बिले. शेवटी त्याने सुचवले की, दोन्ही जुने कार्बोरेटर काढून त्यांच्या जागी एकच नवा वेबर बसवावा. सूचना गैर नव्हती. पुष्कळ मालक तसे करतात. दोघांचा मेळ घालण्याची दगदग त्यामुळे संपते. थोरल्याला मात्र वडिलांनी आयुष्यभर जपलेली जोडी मोडणे रुचले नाही. शब्दाने शब्द वाढला आणि दोघांमधील बोलणे बिलांपुरते उरले.

त्या कार्बोरेटरांवर एसयू ही अक्षरे कोरलेली होती. स्किनर्स युनियन या नावाची ती आद्याक्षरे. स्किनर हे लंडनमधील पादत्राणांचे व्यापारी घराणे. त्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा कार्बोरेटर शोधला आणि बंधू कार्ल यांच्या साथीने १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. प्रारंभीच्या रचनेत हवेच्या ओढीने हलणारा चामड्याचा भाता होता. पुढे त्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. १९२६ मध्ये मोटार-उद्योजक विल्यम मॉरिस यांनी ती कंपनी विकत घेतली.

रचना साधी, पण मोठी समंजस आहे. इंजिन जितकी हवा ओढील, तितका घुमटातील दट्ट्या वर उचलला जातो. त्याला खाली निमुळती सुई जडवलेली असते. सुई वर गेली की जेटमधील फट रुंदावते आणि हवेच्या मानाने पेट्रोल येते. मागणी पाहून पुरवठा, असा हा व्यवहार आहे.

एका हिवाळ्यात थोरल्याने दोन्ही कार्बोरेटर उतरवले आणि दोन निराळ्या ताटांत उघडले. प्रत्येक दट्ट्या आपल्याच घुमटाशी जुळवलेला असतो. त्यांची अदलाबदल करायची नसते. जेट झिजले होते, गॅस्केट कडक झाले होते. परंतु खरे दुखणे निराळेच निघाले. हवेची झडप ज्या आसावर फिरते, तो आस बोटांनी हलवताच खडखडला. आस आणि त्याची भोके झिजून फट पडली होती व तेथून आगंतुक हवा आत शिरत होती.

तेव्हा त्याला आपली चूक उमगली. उभ्या गाडीत झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून त्या गळतीचा परिणाम तेव्हाच अधिक जाणवतो. ती झाकण्यासाठी वाढवलेले पेट्रोल रस्त्यावर मात्र विनाकारण जळत होते. प्लगवर धरलेली काळी काजळी तेच सांगत होती. रोग हवेचा होता आणि उपचार चालला होता पेट्रोलवर. बिलांविषयी धाकट्याची तक्रार खरी होती.

त्याने भोके मोठी करून घेऊन त्यांत बुश बसवले. नवे आस, जेट, सुया आणि गॅस्केट घातले. वर उचलून सोडलेला दट्ट्या स्वच्छ ‘टक्’ असा आवाज करून खाली येईपर्यंत जेट मध्यावर आणले. घुमटात पातळ इंजिन तेल भरले. मग धाकट्याला पत्र लिहिले. गेल्या तीन वर्षांत वाया गेलेल्या पेट्रोलचा अंदाज मांडून त्याचा निम्मा भाग त्याने स्वतःच्या नावे धरला होता. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : कार्बोरेटर जुळवायला दोन माणसे असली तर बरे.

पुढच्या रविवारी धाकटा आला. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून तो हवेचा फुत्कार ऐकू लागला. थोरला स्क्रू फिरवत होता. दोन्ही आसांमधील जोड आधी सैल करावा लागतो. एकाची चाल दुसऱ्यावर लादून समानता येत नाही. दोन्हींचा आवाज सारखा झाल्यावर जोड पुन्हा आवळला. त्यानंतरच मिश्रणाला हात लावला. दट्ट्या खालच्या खिळीने जरासा उचलला असता इंजिनाचा वेग लगेच पडला, तर पेट्रोल कमी. वाढून तसाच राहिला, तर जास्त. तो क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तेव्हा दोघांनीही हात काढून घेतला.

धाकट्याने खिशातून पत्र काढले, त्यातील रकमेवर आडवी रेघ मारली आणि गाडीची किल्ली मागितली.