पातेल्यातलं तळं

ओव्हनचं काम दाराआड चालतं. वाफेला दार पुरत नाही. झाकणाच्या कडेने ती निसटते, खिडकीच्या काचा धुरकट करते, जिन्याने वर जाते आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या चष्म्यावर बसते. इंग्लंडात डिसेंबरमध्ये दुपारी चारला दिवे लावावे लागतात. अशा दिवशी घरात पुडिंग शिजत असलं, की आल्या आल्या घर ऊबदार, ओलसर आणि कुणाच्या तरी हातचं वाटतं. वाफेवरचं पुडिंग मला आवडतं ते आधी यासाठी, चवीसाठी त्यानंतर.

या पुडिंगांचं कूळ मोठं आहे. नाताळचं काळंभोर पुडिंग सगळ्यांना ठाऊक असतं; सोनेरी पाकाचं स्पंज पुडिंगही पुष्कळांनी खाल्लेलं असतं. पण मला एकच निवडायला सांगितलं, तर मी ससेक्सचं ‘पाँड पुडिंग’ निवडेन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडचा, खडूच्या टेकड्यांचा हा परगणा. तिथल्या या पुडिंगमध्ये पिठाच्या जाड आवरणात लोणी, साखर आणि मधोमध एक अख्खं लिंबू असतं. सालासकट, बियांसकट. जेन ग्रिगसन यांच्या 1974 सालच्या ‘इंग्लिश फूड’ या पुस्तकातून ते पुष्कळ घरांत पोचलं. शेजारच्या केंटमध्ये यालाच मनुकांची जोड देतात. ती मला नको वाटते; लिंबाच्या कामात कुणी लुडबूड करू नये.

लिंबू तिकडचं, पिवळं आणि लांबट. आपल्या कागदी लिंबाने हे काम होत नाही. साल पातळ हवं आणि त्यावर मेण चढवलेलं नको. ते धुऊन दाभणाने सगळीकडून टोचायचं, अगदी आरपार. भोकं कमी पडली तर रस आतच अडतो, आणि मग चार तासांनंतरही बाहेर नुसतं गोड लोणी राहतं.

आवरणाच्या पिठात सुएट लागतं. सुएट म्हणजे गायबैलाच्या मूत्रपिंडांभोवतीची कठीण, पांढरी चरबी. पूर्वी घरोघरी बायका ती सुरीने बारीक करत बसत, आणि हाताच्या उबेने ती चिकट होत जाई. 1893 साली मँचेस्टरमध्ये गॅब्रिएल ह्युगन यांनी ती तयार किसून विकायला काढली. त्यांचा ‘अटोरा’ आजही दुकानात मिळतो. वनस्पती तेलाचं सुएटही त्याच फळीवर असतं. माझ्या घरात तेच येतं, आणि पुडिंग त्याने उत्तम होतं. सुएटची करामत त्याच्या उशिरा वितळण्यात आहे. लोणी अंगाच्या उष्णतेच्या आसपासच पातळ होऊ लागतं. सुएटचा कण मात्र तग धरतो. तो विरघळेपर्यंत भोवतीचं पीठ धरू लागलेलं असतं, आणि कणाच्या जागी बारीक पोकळी उरते. इतकी चरबी घालूनही आवरण हलकं होतं ते या पोकळ्यांमुळे.

बेकिंग पावडर मिसळलेला 225 ग्रॅम मैदा, त्याच्या निम्मं सुएट, चिमूटभर मीठ, आणि निम्मं दूध निम्मं पाणी मिळून 150 मिलिलिटरच्या आसपास. गोळा जमेल एवढंच पीठ एकत्र करायचं. पोळीची कणीक तिंबणाऱ्या हाताला हे जड जातं. तो आपोआप मळायला लागतो. त्याला थांबवावं लागतं.

गोळ्याचा पाव हिस्सा झाकणासाठी ठेवून बाकीचा जाडसर लाटायचा आणि दीड लिटरच्या, लोणी फासलेल्या चिनी मातीच्या वाडग्यात आतून बसवायचा. तळाशी 50 ग्रॅम लोण्याचे तुकडे आणि तेवढीच तपकिरी साखर, त्यावर लिंबू उभं, वर पुन्हा तेवढंच लोणी आणि साखर. पिठाचं झाकण ठेवून कडा पाण्याच्या बोटाने चिकटवायच्या. मग येतं ते मला सगळ्यात आवडणारं काम, बांधणं. बेकिंगच्या कागदावर फॉइल, दोन्हींच्या मधोमध एक चुणी. पुडिंग फुगतं तेव्हा ती चुणी उलगडते आणि कागद फाटत नाही. वाडग्याच्या काठाखाली सुतळी आवळायची आणि तिचीच आडवी मूठ करायची, म्हणजे उकळत्या पातेल्यातून वाडगा उचलता येतो. काठ बाहेर वळलेला असतो तो याचसाठी.

पातेल्यात उपडी बशी, बशीवर वाडगा, वाडग्याच्या निम्म्यापर्यंत उकळतं पाणी, वर घट्ट झाकण. साडेतीन ते चार तास. पाणी कमी झालं की भर घालायची ती उकळत्याच पाण्याची. गार पाण्याने वाफ बसते आणि आवरण गिच्च होतं. बशी सारखी खुळखुळत असते. पातेल्यापाशी बसून राहायचं कारण नाही, कपड्यांच्या घड्या करा, पत्र लिहा. पण कान तिकडे हवा. आवाज बदलला, की उठून पाणी बघायचं. पुडिंग माणसाला घरात धरून ठेवतं, पण कामापासून सोडवत नाही. ज्या घरांनी ते जपलं, त्यांना नेमकं हेच हवं होतं.

फ्लोरा थॉम्प्सन यांच्या 1939 सालच्या ‘लार्क राइझ’मध्ये 1880च्या दशकातल्या ऑक्सफर्डशायरच्या शेतमजुरांची वस्ती आहे. तिथे अख्खं जेवण एकाच हंड्यात शिजे. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा लहानसा तुकडा, एका जाळीत कोबी, दुसऱ्या जाळीत बटाटे आणि फडक्यात गुंडाळलेलं पुडिंग. वेळ बघून एकेक आत सोडायचं. एक चूल, एक हंडा, एक पाणी. फडकं वापरात आलं सतराव्या शतकात. त्याआधी पुडिंगला जनावराचं आतडं लागे आणि जनावर मारण्याच्या दिवसाची वाट बघावी लागे. कापडाच्या तुकड्याने ते वर्षभराचं झालं, ओव्हन नसलेल्यांचंही झालं. विलायती जेवण बेचव, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. इतक्या थोड्या सरपणावर आणि इतक्या स्वस्त जिनसांतून ज्या बायकांनी हे पदार्थ उभे केले, त्यांच्या हुशारीला मी फार मान देते. म्हणूनच मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत फुगवलेल्या गोळ्याला पुडिंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुडिंग उतरवल्यावर दोन मिनिटं थांबायचं, कडेने सुरी फिरवायची आणि खोलगट ताटलीतच उलटं करायचं. ताटली सपाट असेल तर टेबलक्लॉथ गेलाच. सोनेरी तपकिरी घुमट दिसतो, वरकरणी अगदी शांत. सुरी लावली की भिंत फुटते आणि लोणी, साखर, लिंबाचा रस असा दाट, आंबटगोड पाक चहूकडे पसरतो. हेच ते तळं. मधलं लिंबू अर्धपारदर्शक झालेलं असतं. साल तोंडात विरघळतं आणि मागे किंचित कडवटपणा ठेवतं, आपल्या उपासाच्या, मुरलेल्या गोड लोणच्यासारखा. प्रत्येकाच्या वाट्याला लिंबाचा तुकडा यायलाच हवा. तो न देता वाढलेलं पान अपुरं.

बरोबर काय, यावर घरोघरी वाद होतात. बरेच जण गरम कस्टर्ड मागतात. माझं मत थंडगार, पातळ क्रीमला. पाक आधीच एवढा दाट असतो, की त्याच्यावर आणखी दाट काही नको.

सहा माणसांना ते पुरतं आणि त्याच बैठकीत संपायला हवं, कारण गार झालं की सुएट थिजतं आणि आवरण कडक होतं. तेव्हा घरात दोघंच असाल, तर पातेलं चढवण्याआधी शेजारी सांगून ठेवा. निरोप पोचायला चार तास पुष्कळ झाले.